एक काना कमी

मी चषक बोलतोय. आवाज पोकळ वाटला तर समजून घ्या, मी आतून पोकळच आहे. बाहेरून सोनेरी दिसतो, पण सोनं सोडा, पितळेशीही माझी ओळख नाही. प्लॅस्टिकवर मुलामा आणि खाली काळा ठोकळा, एवढाच माझा थाट. तरीही मी विज्ञान प्रदर्शनातला जिल्ह्यात पहिला क्रमांक आहे, हे आधीच सांगून टाकतो. न सांगता राहवत नाही.

सोलापुरातल्या एका दुकानात माझी जुळणी झाली, तीही क्रिकेटसाठी. डोक्यावर बॅट उगारलेला फलंदाज बसवला होता. सामने रद्द झाले आणि मी वर्षभर धूळ खात पडलो. मग विज्ञान प्रदर्शनाची ऑर्डर आली, तीही आदल्या दिवशी. दुकानदार म्हणाला, "विज्ञानाचे पुतळे संपलेत. राहू दे हाच, कोण बघतंय?"

घाईघाईत पट्टी कोरून मला चिकटवली : 'उत्कृष्ट बालशस्त्रज्ञ'. शास्त्रज्ञातला एक काना राहून गेला होता. मला कळलं होतं, पण मी गप्प बसलो. पुन्हा धुळीत कोण जाणार?

प्रदर्शनात मला जिंकलं दानेश्वरीनं. अक्कलकोटजवळच्या एका गावातली नववीची मुलगी. आदल्या वर्षी तिच्या घरची निम्मी ज्वारी सोंडकिड्यांनी खाल्ली होती आणि पुढे तिच्या आईला, गुरम्माला, विकतच्या ज्वारीच्या भाकरी थापाव्या लागल्या होत्या. तेव्हा दानेश्वरीनं बारा बरण्या घेतल्या. सहांत अमावस्येला ज्वारी भरली, सहांत पंचांग बघून चांगल्या दिवशी. दोन्हींतल्या तीन-तीन बरण्यांतली ज्वारी आधी तीन दिवस कडक उन्हात घातलेली, बाकीची तशीच. मग सहा महिने दर रविवारी तिनं किडे मोजले आणि एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवले.

प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडला, पाऊण तास विज्ञानाचं महत्त्व सांगितलं आणि बरण्यांपाशी येऊन विचारलं, "हे काय, लोणचं का?" परीक्षकांना तिचं अक्षर फार आवडलं. ते त्यांनी वहीच्या कव्हरवरच पाहिलं. वही काही कुणी उघडली नाही. टाळ्या पडल्या आणि मी तिच्या हातात गेलो. तिनं पट्टी वाचली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मी मात्र टाळ्या माझ्याचसाठी समजून बसलो होतो.

घरी माझं काय स्वागत झालं म्हणून सांगू! गुरम्मानं कुंकू लावलं, अख्खी गल्ली माझ्याबरोबर फोटो काढून गेली. शेजारच्या सिद्धेश्वरीबाईंनी तर मला स्टेटसला ठेवलं. बरण्यांत काय निघालं, हे एकीनंही विचारलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

फाल्गुनात नवी ज्वारी घरात आली आणि दुसऱ्याच दिवशी पंचांगात चांगला दिवस निघाला. गुरम्मा ऊन न दाखवताच कोठी भरायला बसली.

"अव्वा, तीन दिवस उन्हात घालू की. पुढं अमावस्या आली तरी चालतंय," दानेश्वरी म्हणाली.

"अमाशेला धान्य भरत न्हाईत. शास्त्र हाय ते."

"माझी वही तरी बघ की!"

"वही काय बगायची? बक्षीस मिळालं की!" गुरम्मानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी फुगलो. दानेश्वरी डोळे पुसत बाहेर गेली, तेव्हा जरा उतरलो.

खंडेनवमीला तिच्या अप्पांनी, चनबसप्पांनी, पूजा मांडली : कोयता, कुऱ्हाड, पाना. माझी पट्टी वाचून म्हणाले, "ह्येच्यावर शस्त्र लिवलंय की," आणि मलाही कोयत्याशेजारी बसवलं. डोक्यावर झेंडू, समोर लिंबू. विज्ञानाचा चषक शस्त्रपूजेला! लाजायचं सोडून मी ऐटीत बसलो होतो.

तेवढ्यात बाहेरच्या पोत्यातली ज्वारी संपली म्हणून नैवेद्याच्या दळणासाठी गुरम्मानं फाल्गुनात भरलेली कोठी पहिल्यांदाच उघडली. हात आत घातला आणि तसाच बाहेर काढला. मुठीत पीठ होतं आणि वळवळणारे किडे. ती कोठीपाशीच बसून राहिली. पुन्हा निम्मी ज्वारी गेली होती. मी तिथे झेंडूखाली बसून काय करणार? कुचकामी शस्त्र.

मग मूठ झटकून ती म्हणाली, "दाना, ती वही आण."

गुरम्माची शाळा कन्नडमधली, मराठी वाचता येत नाही. दानेश्वरी एकेक रविवार वाचत गेली आणि कन्नडमध्ये समजावत गेली. कुठल्या बरणीत किती किडे, ऊन दिलेलीत किती, न दिलेलीत किती. तिथीनं काहीच फरक पडला नव्हता, पडला होता तो उन्हानं. गुरम्मानं मध्ये चार वेळा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. एवढे प्रश्न परीक्षकांनीही विचारले नव्हते.

यंदाच्या फाल्गुनात ज्वारी तीन दिवस अंगणात होती. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून यायला लागलं, तेव्हा गुरम्मानं पाट्या उचलून कोठी भरायला घेतली. सिद्धेश्वरीबाई धावत आल्या. "अगं, आज अमावस्या की! आज कुटं कोठी भरत्यात?"

"भरायची. तीन दिस ऊन दिलंय. शास्त्र हाय ते."

"कुटलं शास्त्र?"

गुरम्मानं हात उचलून फळीकडे बोट केलं. मी छाती काढली. बोट माझ्या अंगावरून पुढे गेलं आणि शेजारच्या वहीवर थांबलं.

"त्या वहीतलं."

दारात उभ्या दानेश्वरीचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा मला घेताना झाला नव्हता. मला थोडं लागलं, पण आनंदही झाला, अगदी खरा.

तेव्हा बक्षिसं देणाऱ्या मंडळींनो, माझी एकच विनंती आहे. माझा एक काना राहिलाय, त्याची घाई नाही, तो सावकाश द्या. आधी वही उघडा.