पोटाचा पट्टा

माझ्या सासूबाईंना सगळे टेलरबाई म्हणतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, आणि माणूस दारातून आत आला की त्याचं माप त्यांच्या डोळ्यांत. फिटिंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बाळंतपणानंतर माझ्या पोटासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा शिवला. जाड कापड, आतून मऊ अस्तर, बाजूला हुकांची रांग. "हळूहळू एकेक हूक आवळत जा. पोट कसं जागच्या जागी बसतं ते बघ," म्हणाल्या. एरवी मी कुणाचं ऐकणारी नाही, नाकावर राग माझ्या. पण इतक्या मायेनं शिवलेलं, म्हणून मुकाट्याने घातला.

नवऱ्याचा एक जुना विनोद आहे. आमच्या लेकीला, ठमीला, कडेवर घेतलं की तो हमखास म्हणतो, "आईने मला कधी उचललंच नाही. मी चालतच जन्मलो!" टेलरबाई सगळ्यांच्या आधी हसतात.

मला ठमीला कडेवर घेऊन आमचा जिना चढायचा होता. बस्स, एवढंच. पण अर्ध्या जिन्यातच खाली इतकं जड वाटायचं की कठड्याला धरून उभं राहावं लागे, आणि शिंक आली तर संपलंच. मी चपलांच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाच्या पायाशी उकिडवं बसायचं, बूट चढवायचा, उठायचं, वरच्या फळीवरचा खोका काढायचा, पुन्हा बसायचं. रजा संपवून परत गेले आणि एका बाईंना सँडल घालून उठताना खोकला आला. पँट ओली! अगं बाई, काय ती लाज. खोक्यांच्या खोलीत दार लावून ढसाढसा रडले. घरी येऊन अंग धुताना खाली हाताला एक मऊ फुगवटा लागला. तो तिथे असायला नको होता.

टेलरबाईंना गळण्याचं तेवढं सांगितलं, तर त्यांनी पट्टा आणखी एक हूक आवळला. "ढिला राहिला असणार," म्हणाल्या.

शेवटी मी दवाखाना गाठला. तिथे बाळंतिणींना व्यायाम शिकवणारी एक बाई बसते. तिने तपासलं आणि पट्ट्यावर हात ठेवून विचारलं, "हा इतका घट्ट कुणी बांधला?"

"सासूबाईंनी. का?"

"उशी मधोमध आवळली तर आतला कापूस कुठे जाईल? थोडा वर, थोडा खाली. तुमचे खालचे स्नायू बाळंतपणात आधीच ताणलेत, त्यात वरून हा दाब, म्हणून अंग खाली उतरतंय. आधी काढा तो."

मग तिने शिकवलं. लघवी रोखल्यासारखं आत, वर ओढायचं, सोडायचं, श्वास अडवायचा नाही. वेळ लागेल, पण फरक पडेल, असं म्हणाली. किती बायकांना होतं हे, असंही म्हणाली. मग एकीनेही मला आधी का नाही सांगितलं? घरी येईपर्यंत माझं डोकं सणकलं होतं.

पट्टा मी मशीनवर आपटला. "आई, तुमच्या या पट्ट्याने माझं अंग बाहेर यायला लागलंय!"

मशीन थांबलं. उशीचं आणि कापसाचं सगळं मी एका दमात सुनावलं. एरवी शब्दाला शब्द देणारी ही बाई. नुसता पट्ट्यावरून हात फिरवत राहिल्या.

"पण बांधला नाही, तर खाली पडत नाही का सगळं?"

"काय पडतं?"

त्यांनी उठून दार लावलं आणि कुर्ता वर केला. तसाच पट्टा. तेच कापड, धुऊन धुऊन विरलेलं, हुकांच्या जागी रफूवर रफू.

"माझ्यावरूनच तुझा कापला," त्या म्हणाल्या. "माझं कधीच बाहेर आलंय गं. मला वाटायचं, पट्ट्याने धरून ठेवलंय."

"डॉक्टरला नाही दाखवलं?"

"असलं कुणाला दाखवायचं? आणि पट्टा होता की." मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच ते..."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं ही बाई रोज सगळ्यांच्या आधी उठून जे सावरत होती, तेच स्वतःच्या हाताने खाली लोटत होती. मी त्यांचे हूक सोडले. कातडीवर हुकांचे काळे वण पडले होते. "तुम्हाला तरी कोण सांगणार होतं, आई?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी नवरा आला. आल्या आल्या ठमीला कडेवर घेतलं आणि सुरू झाला, "बघ ठमे, तुझी चैन आहे. मी तर बाबा चालतच..."

टेलरबाई हसल्या. रोजच्यासारख्याच, सगळ्यांच्या आधी. एक हात पोटावर, पट्टा नव्हता तिथे.

"गप्प बस!" मी ओरडले. "उद्या रजा काढ. आईंना दवाखान्यात न्यायचंय."

"का? काय झालं आईला?"

मी टेलरबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलायला वाकल्या आणि अर्ध्यातच थांबल्या.

"तुझ्या वेळेपासूनचं आहे रे," त्या म्हणाल्या. "खूप वाटायचं तुला उचलून घ्यावंसं."