फॉर्मवर नसलेला प्रश्न

बेटावर उतरून तीन तास झाले नव्हते, तोवर मेल्विनाने डायव्हिंगची चार दुकानं नापास केली होती. पहिल्याच्या दारातलं कुत्रं फार लठ्ठ होतं. कुत्रं एवढं खात असेल तर गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय उरत असेल? दुसऱ्याच्या भिंतीवर बक्षिसं जरा जास्तच होती. तिसऱ्याने या तिघांना येताना पाहिलं आणि गाण्याचा आवाज वाढवला. चौथ्यात नाव ठेवायला काही सापडेना, म्हणून तिचा संशय आणखीच बळावला.

"आई, पाण्यात कधी उतरायचं? सुट्टी संपल्यावर?" रोसदेली म्हणाली. लेक बेटावरच्या हॉटेलात खोल्या आवरायची. मिळालेली बक्षिशी साठवून तिनं आईबापाला पाच दिवस बोलावून घेतलं होतं. तिचा हट्ट एकच होता: पापांनी आणि तिनं मिळून एकदा खाली जायचं. शेवंडी पकडायला नाही, नुसतं बघायला.

तिचे पापा, म्हणजे विल्मोर, समुद्रापलीकडे मोस्कितियाच्या किनाऱ्यावर चौदा वर्षं हवेची टाकी पाठीवर बांधून शेवंडीसाठी बुड्या मारलेला माणूस. नऊ वर्षांपूर्वी एका खेपेला त्याचा डावा पाय लुळा पडला. दोन महिने ओंडक्यासारखा पडून होता. वैदूने धुरी दिली, पाल्याने आंघोळी घातल्या, तेव्हा तो उठला. मेल्विनाची अट साधी होती. ज्या दोन पायांवर हा खाली जाईल, त्याच दोन पायांवर वर आला पाहिजे. म्हणून ती दुकान असं पारखत होती, जसा बाजारात मासा पारखतात: आधी डोळे, मग कल्ले, आणि विकणाऱ्याचं तोंड सगळ्यात शेवटी.

पाचवं दुकान डारिओचं. पांढरेशुभ्र दात, इस्त्रीचा शर्ट.

"या मावशी, या! तुमच्यासाठी खास भाव."

"मावशी कुणाची?" मेल्विना म्हणाली. मग नवऱ्याच्या कानाला लागली, "हसतोय बघ. आपण अजून एकही विनोद केलेला नाही."

विल्मोरने जुन्या सवयीने एका टाकीची चावी किंचित उघडली आणि हवेचा वास घेतला. "हवा चांगली आहे," तो म्हणाला. डारिओने फॉर्म पुढे केला. तब्येतीचे बारा प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'नाही'ची खूण आधीच छापलेली.

"सगळे 'नाही'च लिहितात. वेळ वाचतो. इथं फक्त सही."

"आमचा वेळ वाचवायची याला एवढी काय घाई?" मेल्विनाने दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. विल्मोर कुरकुरला. डारिओच्या खास भावात पाण्याखाली काढलेला फोटोही होता.

धक्क्याच्या टोकाला, खांबांवर उभ्या लाकडी घरात मिस ऑर्लीनचं दुकान होतं. साठीची बाई, चष्मा दोरीला बांधलेला, नारळाचा पाव चहात बुडवून खात बसलेली. "बसा," म्हणाली आणि पाव संपेपर्यंत दुसरा शब्द बोलली नाही. मग विल्मोरला म्हणाली, "त्या फळीच्या रेघेवरून चालून दाखवा. टाचेला पायाचं बोट लावून."

"बैल विकत घेताय का?" मेल्विना फणकारली. या बाईचं कुण्या डॉक्टराशी साटंलोटं असणार. चालता आलं नाही की धाडणार तपासणीला.

विल्मोर चालला. थोडासा हलला. मिस ऑर्लीनने फॉर्म घेतला.

"दमा?"

"नाही."

"हृदय?"

"जागेवर आहे."

"डायव्हिंगमुळे कधी आजार?"

"कधीच नाही," विल्मोर ताठ मानेने म्हणाला. मेल्विनानेही मान डोलावली.

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. त्यांच्या गावात हा आजार आजवर कुणालाच झाला नव्हता. गावातल्या पुरुषांना लिवा मायरिन धरायची. ती पाण्याखालची बाई. तिच्या शेवंडी कुणी वाजवीपेक्षा जास्त नेल्या की ती माणूसच अडकवून ठेवते. आजाराला दवाखाना असतो. हा तंटा होता, आणि वैदूने मध्ये पडून तो मिटवला होता.

मिस ऑर्लीनने चष्मा काढला, फॉर्म बाजूला सारला.

"मिस्टर विल्मोर, लिवा मायरिनने कधी धरलं होतं?"

विल्मोरचा चेहरा खुलला. बेटावर आल्यापासून कुणीतरी पहिल्यांदाच कामाचं विचारलं होतं. "एकदा! त्या दिवसाची बारावी टाकी. वर आलो तर डाव्या अंगाला कमरेखाली मी नव्हतोच. दोन महिने, बाई!"

"पाय पूर्ण आला?"

"आला की."

"चप्पल," मेल्विनाच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"डाव्या पायातली चप्पल गळून पडते. याला कळत नाही. मी मागून उचलत येते."

रोसदेली बापाच्या पायाकडे बघत राहिली.

"मग टाकी नाही," मिस ऑर्लीन म्हणाली.

"तिला घाबरता?" विल्मोर उसळला.

"तिच्याशी माझं वाकडं नाही. तिनं धरलं म्हणा, घाईनं वर आल्यावर रक्तात होणाऱ्या बुडबुड्यांनी धरलं म्हणा, पाय तोच. माझ्या भावालाही असंच एकदा धरलं होतं. बरा झालो म्हणून तो पुन्हा उतरला. सोळा वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे."

"डारिओ नेईल मला!"

"नेईल ना. त्यानं विचारलंय कुठं?"

दिवसभर मेल्विनानं कुत्री तपासली, बक्षिसं तपासली, दात तपासले. आणि ज्याचा संशय घ्यायला हवा होता तो पाय सव्वीस वर्षं तिच्याच शेजारी झोपत होता. तरीही तिनं खोड काढलीच, "एक गिऱ्हाईक घालवून तुम्हाला काय मिळतं?"

"रात्रीची झोप."

हे उत्तर तिनं मनात उलटसुलट करून पाहिलं. खोट सापडेना. "पोरीला तुम्ही न्या," ती म्हणाली. "हा होडीत बसेल."

"मी काय लहान पोर आहे होडीत बसायला?"

"पोर असतास तर ऐकलं असतंस. म्हणून मी पण येते."

"तुला बोट लागते!"

"लागू दे."

आणि लागलीच. रोसदेली मिस ऑर्लीनबरोबर पाठमोरी पाण्यात गेली, तेव्हा मेल्विना कठड्यावरून ओकत होती. पण तिच्या उजव्या मुठीत नवऱ्याच्या कमरेचा पट्टा होता. विल्मोरचा हात हळूच राखीव टाकीकडे सरकला.

"नुसता वास घेतोय."

"बसून घे."

तो बसला. पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवर नजर लावून सांगत राहिला, "आता खडकाजवळ आहे. आता वर येतेय... हळू, पोरी, हळू. थांबली. ती दुकानवाली बाई थांबवतेय तिला." त्याचं बोट गुडघ्यावर सेकंद मोजत होतं. "आम्हाला कुणी थांबवलंच नाही," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही.

लेकीचं डोकं वर आलं. विल्मोरने तिला हात देऊन होडीत ओढून घेतलं.

"सोड आता पट्टा," तो बायकोला म्हणाला. "पोरगी बघतेय."

"बघू दे," मेल्विना म्हणाली, आणि होडी धक्क्याला लागेपर्यंत तिनं मूठ सैल केली नाही.