जुन्या सशाची कुपी

माझ्या मावशीची ठाम समजूत आहे की मी प्रयोगशाळेत ससे पाळते. कितीदा सांगितलं, सशाचं तोंडही मी पाहिलेलं नाही. माणसाचं एक प्रथिन कुठेतरी सशाला टोचतात, त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी तयार होते, आणि आमच्याकडे येते ती फक्त बोटाच्या पेराएवढी कुपी. पेशींचा अर्क पातळ पडद्यावर उतरवायचा, त्यावर ती अँटिबॉडी लावायची; अर्कात ते प्रथिन असलं तर काळी पट्टी उमटते, नसलं तर पडदा कोरा.

माझा अख्खा प्रबंध त्या पट्टीवर उभा होता: आजारी पेशींत गडद, निरोगी पेशींत फिकट. पण प्रत्येक सशाचं रक्त वेगळं. जुना ससा गेला, कंपनीने दुसऱ्याची कुपी पाठवली, आणि तिने दोन्हीकडे सारखीच फिकट पट्टी दाखवली.

"ससा बोगस आहे, परत पाठव," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. आमच्याकडे नवी कुपी जुन्या चित्राशी जुळली तर पास, नाहीतर नापास. जुनीला कुणी तपासलं होतं, हे विचारायची पद्धतच नाही!

जुन्या कुपीच्या तळाशी एका वेळेपुरतं उरलं होतं. सरांनी ते प्रबंधाच्या शेवटच्या चित्रासाठी राखून ठेवलं होतं. ते झालं की मी सुटणार होते. पण दोघांतला खोटा ससा कोणता, हे काही डोक्यातून जाईना.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीकडे ज्यांच्यात ते प्रथिन मुळात बनतच नाही अशा पेशी होत्या.

"थोड्या देतेस? जुन्या सशाची परीक्षा घ्यायचीय."

"आता? सगळं हातातोंडाशी आल्यावर? आणि पट्टी आली म्हणजे?"

"नाही यायची," मी म्हटलं.

त्या पेशींचा अर्क पडद्यावर उतरवला आणि पडद्याचे दोन तुकडे केले. एकाला नवी अँटिबॉडी लावली, दुसऱ्याला जुनी, कुपी पार झटकून. नवीचा तुकडा कोरा राहिला, राहायलाच हवा होता. जुनीच्या तुकड्यावर ठसठशीत काळी पट्टी आली. जुना ससा पहिल्यापासून भलत्याच कशाला तरी चिकटत होता. मला रडू कोसळलं. मैत्रिणीने खुर्ची पुढे सरकवली.

तेवढ्यात सर आले. "झालं का चित्र?"

मी पडदा पुढे केला, पेशी कुठल्या ते सांगितलं. त्यांनी तो दिव्याखाली धरून पाहिला.

"हात चुकला असेल. परत कर."

"नाही होणार, सर. जुनी संपली."

ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ते स्टूल ओढून बसले. "नवी परत पाठवलीस?"

"नाही."

"मग पाठवू नकोस."

घरी पोचते तोच मावशीचा फोन. "काय गं, सुटलीस का एकदाची?"

"नाही मावशी. सगळं पहिल्यापासून."

"अगं बाई! आणि ससा?"

"नवा आलाय," मी म्हटलं. "खरं बोलतो."