‘मे’ ओढला की पाणी

बायकोने चाळीस वर्षं मला "अहो" म्हटलं. मग झटका आला, तिचं उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि तोंडात एकच शब्द उरला: "मेल्या". पूर्वी तो शिलाई मशीनच्या तुटणाऱ्या दोऱ्याला आणि दुधात तोंड घालणाऱ्या बोक्याला मिळायचा. आता तो मला मिळाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घापलीकडे मला फारसं काही येत नाही. पण त्यामुळे महिनाभरात कान तयार झाला. "मे" ओढला की पाणी. "ल्या" आपटला की लघवी. दोन्ही आखूड म्हणजे कूस बदला. लेक पंधरा दिवसांनी यायची, तेव्हा मी दोघींच्या मध्ये दुभाष्यासारखा उभा राहायचो. "तू बस, दमून आलीस," म्हणायचो आणि तिला कशालाही हात लावू द्यायचो नाही. त्यात मला मोठेपणा वाटायचा.

त्या शुक्रवारी सकाळपासून दोनदा चादर बदलून झाली होती. माझी कंबर धरली होती. तिने हाक मारली. मला "मे" ओढल्यासारखा वाटला. तिचं पाणी पावडर घालून दाट करावं लागतं, नाहीतर ते श्वासनळीत जातं. मी चमचा तोंडाशी नेला. तिने तो उडवला. पाणी माझ्या चष्म्यावर. पुन्हा हाक, पुन्हा चमचा. या वेळी मी तिचा जबडा धरून चमचा दातांतून आत कोंबला. ती थुंकली, आणि त्याच वेळी नव्या चादरीवर ओल पसरली.

"नीट बोलायला काय होतं तुला?" मी ओरडलो. काय बोलून गेलो ते कळायच्या आत मी तिच्या मुस्काटात मारली होती.

तिचा डावा हात शाबूत होता. तीस वर्षं जाड कापड ओढून धरणारा शिंपिणीचा हात. तिने माझा कान पकडला आणि पिळला. मी तिची बोटं एकेक करून सोडवू लागलो. करंगळी सुटली. मधलं बोट सुटेना, ते मागे वाकवलं. कान सुटला तरी मी वाकवतच राहिलो. खडू मोडावा तसा आवाज आला.

ती ओरडली नाही. आधी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चालता असा तिला तो एकच हात होता.

दुपारी लेक आली. "अगं बाई! आई, बोट केवढं सुजलंय! काय झालं?"

"मेल्या," ती म्हणाली. हा उच्चार माझ्या ओळखीचा नव्हता. दोन्ही अक्षरं सरळ, स्वच्छ, आणि डोळे माझ्यावर.

"बाबा, काय म्हणतेय?"

"पाणी मागतेय. बोट पलंगाच्या कठड्यात अडकलं."

"आणि तुमचा कान?"

"तीच ओढते."

"वा, आईसाहेब! आयुष्यभर राहून गेलेलं आत्ता करून घेताय होय?" लेक हसली. "बसा बाबा, पाणी मी देते."

मी कपाटात पट्टी शोधत होतो. मागे नळ वाजला. ध्यानात येऊन वळलो, तर पेला बायकोच्या ओठांना लागला होता. पातळ पाणी.

तिचा श्वास अडकला. चेहरा काळानिळा पडला. मी धावलो, तिला पुढे वाकवलं आणि पाठीत तळहाताने जोरात मारू लागलो.

"मारताय काय तिला! सोडा!" लेक माझा शर्ट ओढत होती. मी सोडेना, तेव्हा तिने रिकामा पेला माझ्या कपाळावर हाणला. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. मी मारतच राहिलो. शेवटी पाणी आणि ओकारी एकदम बाहेर आली आणि शिट्टीसारखा श्वास आत गेला.

"तिला पातळ पाणी चालत नाही," मी म्हणालो.

"मग मागत कशी होती?"

"मागत नव्हती. तुला सांगत होती. बोट मी मोडलं. सकाळी."

लेकीने माझ्याकडे बघितलं. हातातला पेला तिने टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"आजपासून तिच्याजवळ फिरकायचं नाही. हात लावलात तर पोलिसांत देईन. बाप आहात हे बघणार नाही."

"बरं."

तिने दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. आईच्या काखांत हात घालून एकटीने उचलायला गेली. आई उजवीकडे कलंडली, दोघी पलंगाच्या कडेवर आल्या. मी जागचा हललो नाही. दुसऱ्यांदाही तेच झालं. खाली गाडीचा भोंगा वाजला.

"पायाकडून धरा," लेक माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी धरलं. उलट्या पावलांनी जिना उतरू लागलो, बायकोचा चेहरा माझ्यासमोर. पहिल्याच वळणावर ती माझ्या तोंडावर थुंकली. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

"थांबू नका," वरून लेक म्हणाली.