तुळजाचे वाल

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी केसरीनाथला शेती करायची हुक्की आली, तेव्हा घरातल्यांना हसू आवरेना. घराणं शेतकऱ्याचं, पण ह्याचा उभा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेला. शेत सांभाळलं ते बायकोनं, तुळजानं. भात कापून झालं की ती त्याच रानात कडवे वाल पेरायची, आणि माघात घरभर वालाच्या उसळीचा, बिरड्याचा वास सुटायचा. शेतीतलं केसरीनाथचं काम एकच, ताटावर बसून दुसऱ्यांदा वाढून मागायचं. बांधावर पाय ठेवायची त्याला कधी गरजच वाटली नाही.

तुळजा गेली त्याला दोन वर्षं झाली होती. भिवंडीच्या चहूबाजूंनी तेव्हा गोडाऊनं उभी राहत होती. ती गेली आणि वर्षाच्या आत शेतही गोडाऊनवाल्याकडे गेलं. सही केसरीनाथनंच केली, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नव्हती. मग २००६ च्या पावसाळ्यात माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला. आत कीड लागू नये म्हणून चुलीतली राख, आणि राखेत तुळजानं जपून ठेवलेलं वालाचं बियाणं. दोन ओंजळी भरतील एवढं. त्यानं डब्यात हात घातला, तो बराच वेळ बाहेर काढलाच नाही. त्या राखेत शेवटचा हात तिचा फिरला होता. तिचे वाल पुन्हा एकदा उगवावेत आणि त्यांचं बिरडं ताटात पडावं, एवढंच त्याला आता हवं होतं.

पण पेरणार कुठे? गोडाऊनांच्या मागे विजेच्या मोठ्या तारांखाली एक पट्टा मोकळा होता. तिथे बांधकाम करता येत नाही, म्हणून वाचलेला. अंबाडी गावाकडून हमालीला आलेल्या चार-सहा घरांनी तिथे वाफे पाडून माठ, मेथी, मिरची लावली होती. ठकुबाई आणि तिचा नवरा राघो त्यांतलेच. कालपरवापर्यंत दीड एकराचा धनी असलेला केसरीनाथ दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांच्याकडे खाटेएवढी जागा मागायला गेला.

"घ्या की दादा," ठकुबाई म्हणाली. "जमीन ना तुमची ना आमची. पन फावडं धरता येतं ना?"

ह्याचा पापड मोडला. मिठागरात त्याच्याइतका सरळ बांध कुणी घालत नसे. दोन दिवसांत त्यानं चारी बाजूंनी सुबक बांध घातला, एक ओंजळ वाल पेरले आणि बादल्या वाहून वाफा काठोकाठ भरला. पाणी कोंडायची जन्माची सवय ती. जरा आटलं की पुन्हा भरायचा. आठव्या दिवशी ड्युटीवरून परतताना राघो तिथे थांबला.

"दादा, हितं मीठ पिकवताय काय?"

ठकुबाई धावत आली. तिनं चिखलात बोट घालून एक दाणा काढला. दाबताच तो फुटला आणि कुजका वास आला.

"वालाला पानी न्हाय घालायचं वो! जमिनीतली ओल आन् पहाटेचं दव, बस झालं. घरात कुनी सांगितलं न्हाय तुमाला?"

सांगणारी होती. पस्तीस वर्षं समोर वावरत होती. ह्यानंच कधी विचारलं नव्हतं.

उरलेली ओंजळ पेरायला तो काही केल्या तयार होईना. "तेवढीच हाय तिची," तो म्हणाला. ठकुबाईनं बी किती जुनं ते विचारलं आणि स्पष्टच सांगितलं, "मंग यंदाच पेरा. पुढल्या सालाला त्यात जीव राहायचा न्हाय." तीन दिवस तो डबा उघडत आणि मिटत राहिला. चौथ्या दिवशी घेऊन आला. तिनं आधी त्याच्याच हातानं तो सुबक बांध फोडायला लावला. चिखल वाळून वाफसा आल्यावर वीत-वीत अंतरावर दाणे टोचायला शिकवलं. त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड होतं, काहीच करायचं नाही. केसरीनाथ रोज सकाळी येऊन वाफ्याशी बसे. हाताला चाळा म्हणून शेजाऱ्यांचं तण काढी, आणि जाताना कुणी ना कुणी मेथीची जुडी त्याच्या हातात कोंबे.

पंधरा दिवसांनी अंकुर दिसले. ह्यानं रिक्षा स्टॅंडपर्यंत जाऊन ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगितलं. पण पौषात फुलं आली ती जांभळी. तुळजाच्या वालाबद्दल त्याला एकच गोष्ट ठाऊक होती, त्याची फुलं पांढरी असत. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या पदराला पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. तो तडक ठकुबाईपुढे जाऊन उभा राहिला. तिनं मान खाली घातली.

"तुमचं उगवत नव्हतं वो. तुमी रोज यून बसायचा. मला बघवंना. मंग माजंच बी टोचलं."

"कुणी सांगितलं होतं तुला?" केसरीनाथ एवढ्यानं ओरडला की पट्ट्यावरचे सगळे उभे राहिले. त्यानं वेल उपटायला हात घातला. राघोनं तो हात धरला आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे एक वेल होता, उशिरा आलेला, हडकुळा. त्याला तीन पांढरी फुलं होती. केसरीनाथनं हातातले वेल सोडून दिले.

त्या वेलाच्या शेंगा त्यानं वेलावरच वाळू दिल्या. दाणे निघाले अकरा. अकरा दाण्यांचं बिरडं होत नाही, आणि खाल्ले तर सगळंच संपलं. ठकुबाईनं चुलीतली राख चाळून दिली, त्यात त्यानं ते घोळले.

जांभळ्या फुलांचे वाल मात्र सूपभर झाले. ठकुबाईनं ते भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले आणि परात त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "घ्या, सोला. बिरडं काय आपोआप होतं का?" ओल्या दाण्याची साल काढायची, पण दाणा अख्खा राहिला पाहिजे. पहिले दोन-चार चिरडले, मग हात बसला. बाजूला ठकुबाई सोलत होती. गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर दोघं, मधे परात.

केसरीनाथचे हात थांबले.

"ती अशीच बसायची, रोज दुपारची. एकटीच. मी समोर खाटेवर पडलेला असायचो."

"बाप्यांचं कामच न्हाय ते, दादा."

"काम येवढंसं तर हाय, ठकुबाय," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचा दाणा सोलायला घेतला. "तिच्याजवळ बसाय मिळालं असतं."