गुलाबी छत्री

नांदूरघाटच्या बाजारात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याची तार गुंडाळून भरून देणारा आदिनाथ फावल्या वेळात रॉकेटं बांधायचा. दिवाळीत बाटलीतून सोडतात तसली नव्हेत. दोन दोन हात लांब, पुठ्ठ्याच्या नळीची, बुडाला तीन पंख आणि टोकाला बाभळीच्या लाकडाचा कातलेला भरीव शेंडा. इंजिन तेवढं तो पुण्याहून मागवायचा, बाकी सगळं घरचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं गाव त्याच्या तोंडावर म्हणायचं आणि मागाहून सगळं गाव माळावर बघायलाही जमायचं. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो!

या खुळात त्याच्याहून जास्त कोण बुडालं असेल तर त्याची बायको, सुनिता. रॉकेटाची छत्री तिची. वर जाऊन जोर संपला की आतला बार उडायचा, शेंडा निघायचा आणि छत्री बाहेर पडून फुलायची. शेंडा, नळी आणि छत्री एकाच दोरीला बांधलेली असायची, म्हणून सगळं मिळून हळूहळू खाली यायचं. छत्री सुनितानं लग्नातली गुलाबी साडी फाडून शिवली होती. घडीही तीच घालायची, आणि कापड चिकटू नये म्हणून तोंडाला लावायची पावडर घडीघडीत चोळायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि एकदा का वर गुलाबी ठिपका दिसला, की ही बाई पदर खोचून पळत सुटायची. रॉकेट जमिनीला टेकू द्यायचं नाही, हा तिचा पण. काट्याकुट्यातनं, बांधावरनं, मान वर करून पळायची आणि दोन्ही हातांनी पदर पसरून त्यात ते झेलायची. एकोणीस उड्डाणांतली सतरा तिनं अशी झेलली. लग्नाला चौदा वर्षं होऊन घरात पोर नव्हतं, त्यामुळं बायकांच्या जिभांना धार होतीच. देवानं हिच्या ओटीत काही टाकलं नाही म्हणून नवरा टाकतो, असं त्या म्हणायच्या. सुनिता तेही हसून घ्यायची. झेललेलं रॉकेट काखेत मारून ती परत यायची, तेव्हा आदिनाथला जगात दुसरं काही नको असायचं.

पण गावात कुणाचं बरं चाललेलं बघवतं का कुणाला? शेळ्या बिथरतात, दूध देत नाहीत, अशी तक्रार ग्रामपंचायतीत गेली. पुढच्या सभेत माळावर रॉकेट बंद असा ठराव व्हायचा होता. आदिनाथचं अन्नपाणी तुटलं. सुनिता म्हणाली, दुसरा माळ बघू, पण दुसरा माळ होता कुठं? आजूबाजूला नुसती पिकं आणि विजेच्या तारा.

अशात भगवानरावांची एकसष्टी आली. भगवानराव म्हणजे पंचक्रोशीतलं पुढारपण. ते खोकले तरी ग्रामपंचायत औषध घेते. मागच्या वाढदिवसाला जेसीबीतून फुलं उधळून झाली होती, क्रेननं हारही घालून झाला होता. आता नवीन काय, म्हणून त्यांचा उजवा हात आप्पाराव आदिनाथच्या दुकानात येऊन बसला. साहेबांनी बटण दाबायचं, रॉकेट आभाळात जायचं आणि माळ कायमचा आदिनाथचा. तसं शिक्क्याचं पत्रच देतो म्हणाला. आदिनाथनं पडत्या फळाची आज्ञा मानली.

एकसष्टीच्या दिवशी माळावर मांडव पडला. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, म्हणून माणसं टेम्पो भरभरून बाहेरून आणली. सकाळी दहाचा कार्यक्रम, साहेब एक वाजता आले. तोवर उन्हानं माणसं करपली होती. मांडवामागं आदिनाथ रॉकेट उभं करत होता, तिथं आप्पाराव गुलालाची पिशवी घेऊन आला. साहेबांच्या डोक्यावर आभाळातनं गुलाल पडला पाहिजे, असं त्यानं सांगितलं. आदिनाथनं नळी दाखवली. आत छत्री, तिची दोरी, आणि वर बोटभरही जागा नव्हती.

"छत्री काढ की मग," आप्पाराव म्हणाला.

"आन् खाली कसं यील?"

"वर गेलेलं खाली येतंच, बे. तुला माळ पायजे का न्हाई?"

आदिनाथनं नको म्हणायला हवं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. छत्रीशिवाय आणि दोरीशिवाय तो भरीव शेंडा सुटा होणार आणि दगडासारखा खाली येणार, हे त्याच्याइतकं गावात कुणाला कळत होतं? पण भोवती आप्पारावची चार माणसं उभी होती, मांडवात साहेब घड्याळ बघत होते, आणि माळ तर पायाखालीच होता. मांडव शंभर पावलांवर आहे, शेंडा मोकळ्या माळावरच पडेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. ठरवायला काय लागतं! त्यानं छत्री काढली, दोरी सोडली, दोन्ही पँटीच्या खिशात कोंबली आणि नळीत गुलाल भरला.

तेवढ्यात सुनिता आली. नवी साडी नेसलेली, पायातल्या चपला काढून हातात घेतलेल्या. घडी नीट बसलीय ना, एवढंच तिनं विचारलं. ती छत्री तिनं आदल्या दिवशी तीनदा उलगडून तीनदा घडी घालून ठेवली होती. आप्पाराव बाजूलाच उभा होता. बसलीय, असं आदिनाथ म्हणाला. मग जरा थांबून त्यानं सांगितलं, आज पळू नको, बायकांत जाऊन बस.

"मी न्हाई पळाले तर झेलंल कोण?" ती म्हणाली आणि माळाकडं निघून गेली.

तिला हाक मारायला त्याला किती वेळ होता म्हणता? सत्काराची शाल झाली, श्रीफळ झालं, तीन भाषणं झाली. पाऊण तास होता. त्या पाऊण तासात आदिनाथ वायरी तपासत बसला. तपासलेल्याच वायरी त्यानं चारदा तपासल्या. भेकड माणसाला हाताला काम लागतं, तसं ते काम होतं.

भगवानरावांनी बटण दाबलं. रॉकेट सुर्रकन् गेलं, लोकांच्या माना मागं पडल्या, आणि पार उंच गेल्यावर फट् झालं. आभाळात गुलाबी ढग फुलला. मांडवात शिट्ट्या वाजल्या. साहेबांच्या डोक्यावर गुलाल काही आला नाही, वारा होता, तो सगळा माळाकडं वाहत गेला.

सुनितानं गुलाबी रंग बघितला आणि ती पळत सुटली. तिला ती आपली छत्रीच वाटली. मान वर, पदर पसरलेला, डोळे त्या गुलाबी ढगावर. आदिनाथ आता मात्र ओरडला. पण डीजे लागला होता, आणि त्याच्या हाका त्याच्याच शेजारच्या माणसाला ऐकू गेल्या नाहीत. नळी गिरक्या घेत दूर पडली. शेंडा सरळ आला. वर बघणाऱ्या तोंडावर आला.

तिला जीपमध्ये घातली तेव्हा ती शुद्धीवर होती आणि रॉकेट मोडलं का म्हणून विचारत होती. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उजवा डोळा काढला. दुसरा वाचला, तोही अधू.

चौथ्या दिवशी भगवानराव भेटायला आले. सोबत आप्पाराव, फळांची पाटी आणि फोटो काढणारा. छत्री उघडली नाही म्हणं, असं साहेबांनी हळहळून म्हटलं. आप्पारावनं आदिनाथकडं बघितलं. सुनितानंही, एका अधू डोळ्यानं, अंदाजानंच नवऱ्याकडं तोंड वळवलं.

"मला तर गुलाबी दिसली हुती," ती म्हणाली. "कावून उघडली न्हाई वो?"

आदिनाथच्या अंगावर तीच पँट होती. हात खिशात होता आणि बोटांना पावडर लागत होती.

"वर थोडा गुलाल टाकलता, त्यो दिसला तुला," तो म्हणाला. "छत्री आतच आडकली. घडी बसली नसंल नीट."

हे बोलला तो! त्याच तोंडानं, ज्या तोंडाला तिनं चौदा वर्षं खाऊ घातलं. सुनितानं पट्टी बांधलेलं डोकं खाली घातलं. मग दोन्ही हात जोडले आणि साहेबांना म्हणाली, "पावडर कमी पडली माजी. माज्यामुळं तुमच्या कार्यक्रमाला गालबोट लागलं. माफ करा." भगवानरावांनी मोठ्या मनानं माफ केलं. फोटोही निघाला.

माळाचं पत्र पंधरा दिवसांत आलं, शिक्का मारून. आदिनाथनं ते दुकानात चौकट करून लावलं. खालच्या खणात, तांब्याच्या तारेच्या रिळाखाली, छत्री होती. खिशात चुरगळली होती, पण शिवण कुठंच उसवली नव्हती.

चैत्रात एका दुपारी सुनितानं उरलेली गुलाबी साडी पेटीतून काढली आणि दारात उजेडाला बसली. कापड बेतलं, चाचपून चाचपून कापलं. सुई मात्र तिला साधेना. चार वेळा दोरा भोकाशेजारून गेला, बोटाला रक्त आलं. शेवटी तिनं नवऱ्याला हाक मारली.

"एवढा दोरा ओवून द्या वो."

आदिनाथ येऊन शेजारी उकिडवा बसला. दोरा ओठात ओला केला आणि पहिल्याच झटक्यात ओवला. सुई तिच्या हातात दिली.

"या येळंला पावडर दुप्पट लावते," ती म्हणाली. "माजी चूक परत व्हायची न्हाई."

"लाव," आदिनाथ म्हणाला.