नाटकातला साहेब

तोंडात टाचण्या धरून मावशी भिंगरीच्या खांद्याला फीत लावत होती, तेवढ्यात ती पोरगी म्हणाली,

"मावशी, माप राहू द्या. मी ताई होणार नाही."

मावशीनं टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीला टोचल्या आणि मगच विचारलं, की मग कोण होणार बाईसाहेब?

"साहेब."

शाळेचं नाटक बसवणाऱ्या बाई शिवणवर्गाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी मावशीकडे बघून डोळे मिटले, म्हणजे हे त्यांनी आधी ऐकलेलं होतं आणि समजावून समजावून त्यांचा घसा बसला होता.

ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण. जन्मभर चाकांच्या खुर्चीत बसून तिनं आपल्यासारख्यांसाठी शाळांची, कचेऱ्यांची, बसगाड्यांची दारं भांडून भांडून उघडून घेतली. ती गेल्यावर तिच्या वाढदिवसाला सगळ्या शाळांमध्ये 'ताईंचा दिवस' व्हावा म्हणून मावशीनं शिवणाचं दुकान सांभाळून किती उंबरे झिजवले, ते तिचं तिलाच ठाऊक. यंदा एकदाचा हुकूम निघाला होता. हा पहिलाच दिवस, आणि तो नुसता हळहळण्यात वाया जाईल की काय, या धास्तीनं मावशीला आठवडाभर धड झोप नव्हती. म्हणून तर ती आपणहून पोरांचे कपडे शिवायला आली होती.

नाटक साधंच होतं. तरुण ताई कॉलेजात प्रवेश मागायला जाते. साहेब म्हणतो, तुमच्यासारख्यांनी घरी बसावं. ताई म्हणते, बसायचंच आहे तर इथंच बसते. आणि खुर्ची दारात आडवी लावते. मग ना कोणाला आत जाता येत, ना बाहेर. शेवटी साहेब मुकाट्यानं सही करतो. हे सगळं खरंच घडलं होतं. तेव्हा मावशी खिडकीतून ताईला भाकरी द्यायची.

आता शाळेत चाकांच्या खुर्चीतली मुलगी एकच, ती म्हणजे भिंगरी. जागच्या जागी गरकन फिरायची म्हणून हे नाव पडलेलं. तेव्हा ताईचं काम कोणाला, हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात आला नव्हता. मावशीच्याही नाही.

"अगं, तू शोभतेस त्या कामाला," बाई म्हणाल्या. "तू नुसती आलीस तरी पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येईल."

पाण्याचं नाव निघालं आणि मावशीच्या कपाळावर आठी पडली. ताईला रडणारी माणसं मुळीच खपायची नाहीत. रडून मोकळी होतात आणि घरी जातात, असं ती म्हणायची. पण म्हणून काय ताईचं काम कोण्या धडधाकट पोरीला द्यायचं? मावशीला ते गळ्याखाली उतरेना. तिनं भिंगरीला जरा कडक आवाजातच विचारलं, की तू नाहीस तर ताई होणार तरी कोण?

"तोफ," भिंगरी म्हणाली.

तोफ ही त्याच वर्गातली मुलगी. हेडसरांपासून पाणीवाल्या काकांपर्यंत तिचं कोणाशी वाजलं नाही, असं होत नसे.

"मावशी, ताई खुर्चीत बसायच्या म्हणून त्यांचा दिवस आहे का? भांडायच्या म्हणून आहे ना? मग आमच्या वर्गात तोफेएवढं कोणी भांडत नाही. मला भांडता येत नाही. मला खडूसपणा येतो."

बाईंना हसू आवरेना. मावशीला मात्र हसू आलं नाही. ती हातातली फीत बोटाला गुंडाळत राहिली, पुन्हा सोडत राहिली. शाळेच्या नाटकात ताईला दरवर्षी आजारी आजीचं काम मिळायचं. एकदा तिला राक्षस व्हायचं होतं, तर सगळे कसे हसले होते. त्या रात्री ताई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. आणि तिचीच बहीण आज या पोरीला त्याच कोपऱ्यात लोटायला निघाली होती. स्वतःचा असा राग मावशीला पूर्वी कधी आला नव्हता.

"कोट पाहिजे मग," ती म्हणाली. "हात वर कर."

बसणाऱ्या माणसाचा कोट कसा बेतायचा, ते मावशीला कोणी शिकवायला नको होतं. पुढून आखूड, म्हणजे मांडीवर कापड गोळा होत नाही. बाह्या दंडाला सैल, म्हणजे चाकं फिरवताना काखेत उसवत नाहीत. तिनं असे कपडे आयुष्यभर शिवले होते, पण साहेबाचा कोट हा पहिलाच.

ताईंच्या दिवशी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंगरी मंचावर आली तेव्हा पहिल्या रांगेतून "अरेरे" असा सुस्कारा आलाच. मावशीनं पडद्याआडून तो ऐकला आणि दात आवळले. पण भिंगरीनं चष्मा नाकावर ओढला, शिपायाला चहा गार आणल्याबद्दल असं काही झापलं, की सुस्कारे तिथल्या तिथे विरले. मग तोफ आली. तिला कोणीतरी ऑफिसातली फिरती खुर्ची दिली होती. साहेबानं अर्ज दोन बोटांत धरून टोपलीत टाकला, तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं चक्क ओरडायला लागली. तोफेनं दार अडवलं, शेवटी साहेबाची सही झाली, आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. ताईला हवा होता तसा दिवस मिळाला, असं मावशीनं शेजारी उभ्या असलेल्या नाटकाच्या बाईंना दोनदा सांगितलं.

नाटक संपल्यावर पाहुण्या बाई आत आल्या. कोट घातलेल्या भिंगरीच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला.

"किती गोड काम केलं बिचारीनं," त्या मावशीला म्हणाल्या.

बाजूला पहिलीतली एक चिमुरडी केव्हापासून भिंगरीकडे डोळे वटारून बघत होती. तिला हे सहन झालं नाही.

"ती बिचारी नाहीये," ती म्हणाली. "ती दुष्ट आहे. तिनं ताईला आत घेतलं नाही."

पाहुण्या बाईंनी हात मागे घेतला. भिंगरीचं तोंड मात्र या कानापासून त्या कानापर्यंत फुललं. तिनं कोटाच्या बाह्या ताठ केल्या, चष्मा पुन्हा नाकावर ओढला आणि त्या चिमुरडीवर खेकसली,

"घरी बसा."

चिमुरडी दोन पावलं मागं सरली, आणि मग जमिनीवर फतकल मारून दारातच बसली.